बिननावाचं झाड

मनकर्णा आत्या अकोल्यात वारली तेव्हा तिच्या मागं राहिलं काय, तर दोन लुगडी, एक पितळी गडवा आणि परसात एक झाड. लुगडी तिच्या सासरच्यांनी भांडेवालीला देऊन टाकली. गडवा कुठं गेला ते त्यांचं त्यांना ठाऊक. झाड कुणालाच नको होतं, म्हणून ते आमच्याकडे अमरावतीला आलं.

तसं ते आत्यानं तोंडानं सांगूनच दिलं होतं. मी शेवटचा भेटायला गेलो तेव्हा तिला धड बोलताही येत नव्हतं. तरी माझं मनगट धरून म्हणाली, "देवमन, ते झाड माह्या सुंदरीले दे. पन पानाले हात नोका लावू म्हना कोनी. अंगावर फोड येतात."

सुंदरी म्हणजे माझी धाकटी बहीण सुंदरा. आत्याला स्वतःचं पोरबाळ नव्हतं, असण्याचा प्रश्नच नव्हता. तिचं लग्न झालं तेव्हा ती परकर नेसत होती आणि नवरा गेला तेव्हाही परकरच नेसत होती. आम्ही देशमुख. आमच्या शेजारपाजारच्या घरांत नवरा मेला तर वर्ष-दोन वर्षांत पाट लागतो, बाई पुन्हा चुलीपुढं बसते, पुन्हा भांडते, पुन्हा हसते. आमच्यात पाट नाही. घरात नाही दाणा आणि बाजीराव म्हणा, अशी आमची तऱ्हा. पण विधवा बाईला दुसरं घर द्यायचं म्हटलं की आमचं नाक कापलं जातं. त्या नाकापायी आत्यानं सगळा जन्म सासरच्या मागल्या खोलीत काढला. आणि तेच नाक शाबूत राहावं म्हणून आमची सुंदराही परतवाड्याहून कुंकू पुसून माहेरी येऊन बसली. तिचा नवरा मुदतीच्या तापानं गेला, तेव्हा तिला विशीही लागली नव्हती. आत्याचा जीव आम्हा सगळ्या भाच्यांत तिच्यावर का होता, हे कुणी सांगायला नको.

मी तेव्हा अमरावतीच्या एका जिनात कापसाची प्रत पाहायचो. गाडीतली रुई चिमटीत धरून ओढली की धागा कसा आहे ते मी डोळे मिटून सांगत असे, पण झाडाझुडपातलं मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. अकोल्याहून जिनाचा ट्रक रिकामा परत यायचा होता, त्यात झाड टाकलं. हमालानं आत्याची फोडांची गोष्ट ऐकली होती. त्यानं हाताला फडकी गुंडाळली, तोंडाला उपरणं बांधलं आणि मगच कुदळ उचलली. शेजारच्या बायका दाराआडून पाहत होत्या. त्यांनी सांगितलं की म्हातारीनं आयुष्यभर या झाडाच्या पानाला कुणाला शिवू दिलं नाही, शेळीलासुद्धा नाही. मुळाशी मातीचा गड्डा ठेवून, बारदानात बांधून, आम्ही ते आणलं.

आमच्या घराचे कर्ते माझे थोरले भाऊ खुशालराव. वलगावची शेती तेच पाहत आणि घरातल्या प्रत्येक खिळ्याला विचारल्याशिवाय भिंतीत जाऊ देत नसत. झाडाला फांद्यांच्या टोकाशी काटे आहेत, पान विषारी आहे आणि नाव कुणाला माहीत नाही, हे कळल्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडली. पण मेलेल्या माणसाचा शब्द होता. मग त्यांनी मागल्या अंगणात, मोरीच्या पाण्याच्या वाटेवर, जागा दाखवली. ती जागा नेमकी सुंदराच्या खोलीसमोर होती.

पहिलं वर्ष झाड नुसतं जीव धरून राहिलं. सुंदरा रोज विहिरीचं पाणी ओढून त्याला घालायची. दुसऱ्या उन्हाळ्यात ते भिंतीच्या वर गेलं आणि चैत्रात त्याला फुलं आली. फूल म्हणावं तर मोहरीएवढं. पण असले शेकडो तुरे, सायीच्या रंगाचे, फांद्यांच्या शेंड्यांवर लोंबत होते. वास असा की मी जिनातून थकून येऊन पुढल्या दारात वहाणा काढायचो आणि मागल्या अंगणातलं झाड मला तिथं भेटायचं. गल्लीतली माणसं विचारू लागली की देशमुखांच्या घरात काय जळतंय, ऊद का धूप. कुणाला सांगावं तर नाव ठाऊक नाही.

खरा फरक पडला तो सुंदरात. माहेरी आल्यापासून ती विचारलं तेवढंच बोलायची. वहिनी सांगतील ते काम करायची आणि काम संपलं की खोलीत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडायची. आता ती खोलीच्या उंबऱ्यावर बसायला लागली. खाली पडलेले तुरे झाडून ती सुपात भरायची आणि आपल्या ट्रंकेत, पांढऱ्या पातळांच्या घड्यांत टाकायची. डोक्यात घालायचा तर प्रश्नच नव्हता. आमच्या घरात विधवेच्या डोक्यात फूल म्हणजे खून केल्यासारखं. पण वासाला कुणी बंदी घालत नाही. तो भिंत ओलांडून येतो आणि कोण सवाष्ण, कोण विधवा हे विचारत नाही. एकदा मी तिला काहीतरी गुणगुणताना ऐकलं आणि पावलं न वाजवता परत फिरलो. मला इतका आनंद झाला होता की वहिनींना सांगावं असं वाटलं, आणि सांगितलं तर ते गाणं बंद होईल अशी भीतीही वाटली. म्हणून सांगितलं नाही.

तिसऱ्या वर्षी भावांच्या मुलीचं, मैनाचं, लग्न ठरलं. वैशाखातली तिथी. मैना म्हणजे आमच्या घरातली एकुलती एक पोरगी, सगळ्यांच्या लाडाची, आणि सुंदराच्या तर पाठीमागंच असायची. मांडव मागल्या अंगणातही घालायचा होता, कारण पुढं जागा पुरणार नव्हती. त्याच आठवड्यात मोरीजवळ एक धामण निघाली. बिचारी उंदरामागं आली होती, पण लग्नघरात सापाला धामण म्हणतो कोण. वासाच्या झाडाला साप येतो हे घरातल्या प्रत्येकाला ती धामण पाहिल्यावरच आठवलं.

भावांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, पाहुण्यांची लेकरं येतील, पानं ओरबाडतील, एखाद्याच्या अंगावर फोड उठले तर व्याही काय म्हणतील. झाड तोडायचं. मी म्हटलं, आत्याचा शब्द. ते म्हणाले, शब्द जिवंत माणसांच्या आधी नाही. मी फारच गळ घातली तेव्हा त्यांनी एक सवलत दिली.

"नाव सांग त्याचं," भाऊ म्हणाले. "नाव अन् गुण. शहान्या मानसाकून इचारून ये. निर्धोक असन तं राहू दे. नाई तं मांडवाच्या आधी मी कुऱ्हाड लावतो."

सुंदरा पाण्याचा हंडा घेऊन मागं उभी होती. हंडा तसाच कमरेवर घेऊन ती परत विहिरीकडं गेली. तो भरलेलाच होता.

मग माझी वणवण सुरू झाली. गळलेली फुलं कागदाच्या पुडीत घालून मी अमरावतीत दारोदार हिंडलो. एका वैद्यबुवांनी पुडी हुंगून रानजाई सांगितली. मेळघाटात लाकडाचा ठेका घेणाऱ्या परतवाड्याच्या एका ओळखीच्यानं सांगितलं की हे डोंगरातलं आहे, कोरकू लोक याला ओळखतील, पण तो स्वतः ओळखत नव्हता. एका मास्तरांनी विलायती आहे म्हणून हात झटकले. सुकल्या फुलाचा भुगा होतो, वास उडून जातो, आणि जो तो आपल्याला येत असलेलं एक नाव माझ्या पदरात टाकतो, असं चाललं होतं. कुणीही मला नाही येत असं म्हणेना, हा आपल्याकडचा मोठा रोग. शेवटी एकानं शहाणपणाचं सांगितलं. फुलानं काय होतं, पान दाखवा. अकोल्याच्या शेतकी कॉलेजात जा, तिथं पानावरून सांगतील.

पण पान तोडायचं कुणी? आत्याचा शब्द होता, आणि खरं सांगायचं तर फोडांचं भयही होतं. ती अडचण भावांच्या बांबूंनी सोडवली. मांडवाचे बांबू गाडीतून उतरवताना झाडावर घासले आणि हिरवीगार पानं खाली पडली. सुंदरानं ती खराट्यानं कागदावर लोटली. वाटेत सुकू नयेत म्हणून मी ती ओल्या फडक्यात बांधली, गाठोडं मुठीत धरलं आणि सकाळची अकोल्याची बस पकडली.

चैत्राचं ऊन. बस खच्चून भरलेली. एका हातानं वरचा दांडा धरायचा, दुसऱ्या हातात ते गाठोडं. खिशात ठेवावं तर पांढरा सदरा भिजतो. बडनेऱ्यानंतर जागा मिळाली तरी मूठ सैल केली नाही. घाम, फडक्याचं पाणी आणि बसचे हिसके यांत ती पानं माझ्या मुठीत पार चुरून गेली. मुर्तिजापूर यायला थोडा अवकाश असताना तळवा गरम वाटला म्हणून मी मूठ उघडली. तळवा लाल झाला होता.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आत्याचे फोड मला डोळ्यांपुढं दिसू लागले. मुर्तिजापूरला बस थांबली तसा मी धावत उतरलो आणि स्टँडवरच्या नळाखाली हात धरून माती लावून घासू लागलो. लाल काही जाईना. शेजारी एक मुसलमान म्हातारी तोटीच्या बदण्यात पाणी भरत उभी होती. ती आमच्याच बसमधली, बडनेऱ्याला चढलेली. ती बराच वेळ पाहत राहिली.

"काहून घासून राह्यला बेटा?" ती म्हणाली. "मेंदी का धुतल्यानं जाते?"

मी तिला सांगितलं की ही मेंदी नाही, एका विषारी झाडाचं पान आहे, हात जळतोय. तिनं माझ्या हातातलं गाठोडं घेतलं, उघडलं, चुरलेलं पान नाकाशी धरलं आणि बदणं खाली ठेवून हसत सुटली.

"साऱ्या दुनियेत याचं जहर तुले एकट्यालेच चढलं," ती म्हणाली. "मेंदी हाये बाप्पा हे. घरी शादी हाये का?"

लग्न आहे म्हणून मी मान हलवली. ती म्हणाली, मग नशीबवान आहेस, घरची मेंदी.

बस सुटली आणि मी खिडकीशी बसलो. आता तुम्ही म्हणाल, घरात चार बाया असून मेंदी ओळखली नाही? नाही ओळखली. आम्ही मेंदी पाहिली ती कुंपणाची, गुडघाभर, वर्षातून चारदा छाटलेली. किंवा बाजारातून आणलेली, पाट्यावर वाटलेली. फूल येईपर्यंत तिला सोडतं कोण? जरा हिरवी पालवी फुटली की कुणाचा तरी सण असतो, कुणाचं तरी लग्न असतं, आणि बायका ओरबाडून नेतात. भिंतीच्या वर गेलेली, तुऱ्यांनी लगडलेली मेंदी आम्ही कधी पाहिलीच नव्हती. आणि पान चुरगाळून पाहावं तर फोडांची धास्ती.

मग मला आत्या कळली. ती सगळं जाणून होती. जाणून नसती तर तिनं फोडांची गोष्ट रचली नसती. मेंदी सवाष्णींची. झाड मेंदीचं आहे एवढं गल्लीत कळलं असतं तर दर श्रावणात बायका टोपल्या घेऊन आल्या असत्या, गात गात पानं नेली असती, आणि आत्या मागल्या खोलीच्या दारात उभी राहून पाहत बसली असती. तिला स्वतःला एक पान हाताला लावायची मुभा नव्हती. म्हणून त्या बाईनं अशी काही तजवीज केली की कुणीच हात लावू नये. पानांवर आपला हक्क नाही तर नाही, पण झाडाला फुलू तर देईन. मोठी पाताळयंत्री म्हातारी. मी बसमध्ये एकटाच हसलो आणि हसता हसता माझे डोळे भरून आले.

अकोल्याला उतरेपर्यंत मला माझी कोंडी नीट कळली होती. नाव सांगितलं नाही तर भाऊ झाड तोडणार. नाव सांगितलं तर झाड वाचेल, पण सुंदराचं राहणार नाही. वर सुंदरानं इतके दिवस त्याला पाणी घातलं, हे वहिनींना कसं वाटेल ते वेगळंच. कॉलेजात जायचं आता कारण उरलं नव्हतं. मी स्टँडवरच्या कडुलिंबाखाली बसून एक नाव तयार केलं. गंधवल्लरी. असं झाड असेल-नसेल, पण ऐकायला भारदस्त वाटत होतं.

हाताचं काय करायचं? साबण लावला. सायकलवाल्याकडून रॉकेल घेऊन चोळलं. कुणी म्हणालं लिंबू लावा, तेही लावलं. लिंबानं मेंदीचा रंग आणखी धरतो, हे मला पुढं कळलं. परतीच्या बसमध्ये तळवा विटेसारखा झाला होता.

घरी आलो तो उजवा हात खिशात घालूनच. भाऊ ओसरीवर होते. मी एका दमात सांगून टाकलं. शेतकी कॉलेजचे साहेब म्हणाले की ही गंधवल्लरी. दुर्मिळ आहे. मूळ औषधी. हिच्या वासानं साप दूर पळतो. पान मात्र तोडू नये, हात लावला नाही तर काही अपाय नाही. भावांनी दोनदा नाव म्हणून पाहिलं. त्यांना ते आवडलं. व्याह्यांना दाखवायला बरं, असं त्यांच्या मनात आलं असावं.

"मंग राहू दे," ते म्हणाले. "झाडाभोवती एक दोरी बांधून टाक, लेकरं जानार नाई."

सुंदरा दाराआड उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं ते मी कधी विसरणार नाही. लहानपणी जत्रेत मी तिला खांद्यावर घेतलं की ती तशी पाहायची. मला वाटलं, जिंकलो. दोन-तीन दिवस कुठंतरी जेवणाची सबब काढली, हात फिका पडेपर्यंत जिनातच राहिलो, की झालं.

पण जेवायला हाक आली, आणि आमच्या घरात भाऊ पाटावर बसले की कुणी नाही म्हणत नाही. माझी बायको बाळंतपणासाठी अचलपूरला माहेरी गेलेली, नाही तर तिला तरी सामील करून घेतलं असतं. मी पाटावर बसलो आणि बसल्याबरोबर भाकरी वरणात कालवून पंजा त्यात बुडवला. जेवण उजव्या हातानंच. डाव्या हातानं जेवणारा आमच्यात एकतर वेडा, नाहीतर लुळा. आशावहिनी वाढत होत्या. तूप वाढायला वाकल्या आणि तशाच थबकल्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या. "हात पाहू तुमचा."

मी म्हटलं, जिनातला रंग लागलाय. वहिनींनी तुपाची वाटी खाली ठेवली. जन्मभर सणावाराला ज्यांनी मेंदी वाटली त्यांना मी रंग शिकवत होतो. त्यांनी माझं मनगट धरून हात ताटातून उचलला, वरण झटकलं आणि नखांच्या कडा पाहिल्या.

"मेंदी हाये हे," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी हळू झाला होता. "आपल्या अंगनात मेंदी हाये?"

सगळ्यांना समजायला फारसा वेळ लागला नाही. मला वाटलं होतं भाऊ रागावतील, खोटं बोललास म्हणून ताट भिरकावतील. तसं झालं असतं तर बरं होतं. ते हसले, मोठ्यानं, पोट धरून हसले. लेकीच्या लग्नात घरच्या अंगणातली मेंदी, म्हणजे याहून शुभ काय? गंधवल्लरी, गंधवल्लरी, असं म्हणत ते पुन्हा हसले. मैना टाळ्या पिटत अंगणात पळाली. घरात लग्नाचा खरा आनंद त्या संध्याकाळी उतरला. सुंदरा चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली, उलटली, आणि पुढला गोळा हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हंडा घेऊन निघाली तेव्हा वहिनी आडव्या आल्या. माझ्या वहिनी वाईट नाहीत. सुंदरा परतवाड्याहून आली त्या दिवशी तिला पोटाशी धरून रडल्या होत्या त्या वहिनीच. पण पोटची पोर उद्या सासरी जायची होती.

"बाई, तुमी आता त्याले पानी नोका घालू," त्या म्हणाल्या. "राग नोका मानू. माह्या मैनीचं सौभाग्य हाये त्याच्यात."

"हाव वयनी," सुंदरा म्हणाली आणि हंडा त्यांच्या हातात दिला.

मी भावांशी भांडलो. जिनात माझी जीभ तिखट म्हणून प्रसिद्ध आहे, व्यापारी माझ्यापुढं दबकून बोलतात. ती सगळी जीभ मी त्या सकाळी वापरली. म्हटलं, जिनं जगवलं तिनंच त्याला शिवायचं नाही, हा कुठला धर्म. म्हटलं, आत्या त्या झाडासाठी जन्मभर खोटं बोलली, ते तुमच्या अशा धर्मापायी. भाऊ ऐकून घेत होते. त्यांनाही वाईट वाटत होतं, हे मला दिसत होतं. शेवटी ते म्हणाले, "तू म्हनतो तसं करू. अन् उद्या मैनाच्या नशिबात काई वाकडं आलं, तं तू भरून देशील का?"

मलाही क्षणभर भीती वाटली. ती भीती त्यांना माझ्या तोंडावर दिसली आणि बोलणं तिथंच संपलं.

लग्नाच्या दोन दिवस आधी गल्लीतल्या सवाष्णी आल्या. गाणी म्हणत त्यांनी झाड उतरवलं. तुरे हातात आले ते फेकून दिले, कारण फुलाला रंग नसतो. टोपल्या भरून पानं पाट्याशी गेली. संध्याकाळी अंगणात नुसता काट्यांचा सापळा उभा होता आणि खाली तुऱ्यांचा चिखल झाला होता. सुंदरा स्वयंपाकघरात मसाला कुटत बसली होती. कुणी तिला तिथं बसवलं नव्हतं, आणि बाहेर ये असंही कुणी म्हटलं नव्हतं.

मैनाचे दोन्ही हात कोपरापर्यंत माखले होते. पोरीला भूक लागली होती. ती हात पसरून तशीच स्वयंपाकघरात आली आणि सुंदरापुढं बसली. "आत्या, तू भरव," ती म्हणाली. वहिनी बाहेर पाहुण्यांत होत्या. सुंदरानं हात धुतले, भाकरीचे बारीक घास केले आणि एकेक करून तिला भरवले. मी दारातून पाहत होतो. प्रत्येक घासाला ती आपला हात इतका जपून नेत होती, इतका दुरून वळवून, की त्या ओल्या मेंदीला त्याचा वाराही लागू नये. मैनाच्या ते लक्षात आलं. तिनं एकाएकी खाणं थांबवलं आणि रडायला लागली. बाहेरच्या बायकांना वाटलं, सासरी जायचं म्हणून रडतेय. त्याही रडल्या.

लग्न छान झालं. मैना सुखात आहे, तिला अकोल्यात दिली.

झाडाला कुणी कुऱ्हाड लावली नाही. त्याचं आता फार कौतुक होतं. भावांनी ते छाटून कमरेएवढं केलं, म्हणजे पानं हाताला येतात. नागपंचमीला, दिवाळीला, कुणाच्याही लग्नाला, गल्लीतून टोपल्या येतात आणि वहिनी कुणाला नाही म्हणत नाहीत. पालवी जोमानं फुटते. तुरा शेंड्याला येतो आणि शेंडा कधी राहत नाही, त्यामुळं ते पुन्हा फुललं नाही. सुंदरानं उंबऱ्यावर बसणं सोडलं. खोलीचं ते दार ती आता लावूनच घेते.

गेल्या उन्हाळ्यात मी जिनातून आलो तेव्हा ती माझ्यासाठी पाणी घेऊन आली आणि तांब्या देऊन तिथंच उभी राहिली. तिला काही बोलायचं होतं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "दादा, मले एखांदं झाड आनून देशील?"

कोणतं, म्हणून मी विचारलं.

"कोनतंई. वासाचं," ती म्हणाली. "पन कोनाले त्याचं नाव मालूम नसन, असं पाह्य."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो. तेव्हापासून जिनाच्या कामानं जिथं जातो तिथली रोपवाटिका पाहतो. अकोल्याला पाहिल्या, मुर्तिजापूरला पाहिल्या, परतवाड्याला डोंगराच्या पायथ्याशी एक जण झाडं विकतो तिथंही जाऊन आलो. जिथं जावं तिथं झाड दाखवायच्या आधी माळी त्याचं नाव सांगतो.